मेंढ्या नेल्या, वाटा मागेच राहिल्या

एका डोंगरावरून एक प्राणी नाहीसा झाला. कारण शोधले, शिकार होती, ती थांबवली. कुरणही पुन्हा वाढले. आता पुढे काय करावे? नववीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. बहुतेक मुले सांगतील, की दुसऱ्या डोंगरावरून त्याच जातीचे वीस-पंचवीस प्राणी आणून इथे सोडावेत, म्हणजे झाले!

आम्हीही हेच उत्तर दिले असते. उत्तर अमेरिकेतल्या वन्यजीव खात्यांनी तर जंगली मेंढ्यांच्या बाबतीत सुमारे शंभर वर्षे हेच केले. १९२२ पासून २०१५ पर्यंत अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे १५०० वेळा, २१ हजारांहून अधिक जंगली मेंढ्या एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी सोडल्या गेल्या. काही ठिकाणी कळप फोफावले. काही ठिकाणी एकही मेंढी उरली नाही. असे का झाले, याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञांना एक अनपेक्षित गोष्ट कळली. ती गोष्ट आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, फार जवळची आहे.

मोठ्या शिंगांची मेंढी

आपल्याला मेंढी म्हटले की धनगराचा कळप आठवतो. महाराष्ट्रात जंगली मेंढ्या नाहीत. भारतात त्या पाहायच्या तर लडाखला जावे लागते; तिथे शापो आणि न्यान या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन जाती आहेत. पाळीव मेंढी मूळची पश्चिम आशियातली. तिथल्या जंगली मेंढीपासून माणसाने ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी घडवली.

आपली आजची नायिका उत्तर अमेरिकेची आहे. तिचे नाव बिगहॉर्न, म्हणजे मोठ्या शिंगांची. तिचे पूर्वज हिमयुगात सायबेरियातून अलास्कात आले. तेव्हा समुद्राची पातळी खाली गेली होती आणि दोन खंडांच्या मध्ये जमीन उघडी पडली होती. नराची शिंगे गालाजवळून गोल वळलेली असतात. कवटीसकट त्यांचे वजन १४ किलोपर्यंत भरू शकते. कडेकपारी हाच या प्राण्याचा किल्ला असतो. धोका दिसला की तो पळून दूर जात नाही, कड्यावर चढतो. म्हणून त्याला असा मुलूख लागतो, की जिथे उघडे गवत आहे आणि जवळच उभा कडा आहे. असे मुलूख सलग नसतात. मध्ये दाट जंगलाच्या दऱ्या असतात आणि त्या मेंढीला धोक्याच्या वाटतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कळप कसे गेले

१८०५ साली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीने वर गेली, तेव्हा त्यांना काठच्या कड्यांवर बिगहॉर्नचे कळप दिसले. रॉकी पर्वतातल्या शोशोनी लोकांची एक शाखा तर 'मेंढी खाणारे' म्हणूनच ओळखली जाई. ते या मेंढ्यांच्या शिंगांपासून उत्तम धनुष्ये बनवत.

१८४९ नंतर सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे पश्चिमेकडे आले. खाणींवरच्या वस्त्यांना मांस हवे होते. शिकाऱ्यांनी ते पुरवले. मागोमाग पाळीव मेंढ्यांचे हजारोंचे कळप उन्हाळी चराईसाठी उंच डोंगरांत जाऊ लागले. निसर्गलेखक जॉन म्यूर हा १८६९ साली अशाच एका कळपाबरोबर सिएरा नेवाडा पर्वतात गेला होता. कॅलिफोर्नियाने एकोणिसाव्या शतकातच बिगहॉर्नच्या शिकारीवर बंदी घातली. तरीही कळप घटतच गेले. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून १९१४ च्या सुमारास बिगहॉर्न संपली. डाकोटा भागातल्या बॅडलँड्समधून ती १९२५ च्या सुमारास गेली.

शिकार थांबली तरी प्राणी का मरत होते? त्या वेळी हा प्रश्न जोरात कोणी विचारला नाही. सगळा दोष बंदुकीवर टाकणे सोपे होते.

खोकी, ट्रक आणि आशा

दुसऱ्या महायुद्धानंतर पुनर्वसनाला खरा वेग आला. १९५४ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या विल्यम्स लेक भागातून २० बिगहॉर्न पकडून ओरेगॉन राज्यातल्या हार्ट माउंटनवर आणल्या. तिथला कळप चांगला वाढला. पुढे त्यातूनच मेंढ्या नेऊन इतर डोंगरांवर कळप वसवले गेले. १९५६ साली त्याच प्रांतातून १८ मेंढ्या उत्तर डाकोटात गेल्या. १९६४ साली कोलोरॅडोतील पाइक्स पीकवरून २२ मेंढ्या बॅडलँड्समध्ये आणून कुंपणात ठेवल्या. तिथे त्यांच्यात रोग पसरला आणि १९६७ साली उरलेल्या १४ मेंढ्या मोकळ्या सोडाव्या लागल्या.

मेंढ्या पकडण्याची पद्धतही हळूहळू सुधारली. पूर्वी सापळ्याचे कुंपण असे. नंतर जमिनीवर सफरचंदाचा चोथा किंवा लसूणघास टाकायचा, वर मोठे जाळे टांगून ठेवायचे आणि कळप खाली जमला की ते सोडायचे, अशी पद्धत आली. पुढे हेलिकॉप्टरमधून बंदुकीने जाळे फेकू लागले. जाळ्यात सापडलेल्या मेंढीच्या डोळ्यांवर लगेच पट्टी बांधतात. काही दिसेनासे झाले की ती शांत होते. तिचे अंग तापू नये म्हणून पाणी ओततात, कारण धावून आणि घाबरून तापलेला प्राणी पुढच्या काही दिवसांत स्नायू निकामी होऊन मरू शकतो. मग रक्त घ्यायचे, नाकातला स्राव तपासणीला पाठवायचा, गळ्यात रेडिओ पट्टा घालायचा आणि प्रवासाला निघायचे.

इतकी काळजी घेऊनही निकाल सारखा येत नव्हता. १९२३ ते १९९७ या काळातल्या १०० पुनर्वसनांचा आढावा फ्रान्सिस सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केला. १०० पैकी ३० कळप पूर्ण नष्ट झाले होते. २९ ठिकाणी तीसपेक्षा कमी मेंढ्या उरल्या होत्या. ४१ कळपच खऱ्या अर्थाने रुजले होते. प्रत्येक वेळी प्राणी तोच, पद्धतही जवळपास तीच. मग फरक कुठे पडत होता?

पहिले उत्तर : नाकातला जंतू

एक धागा लाव्हा बेड्स या ठिकाणी सापडला. हा कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाचा लाव्हाचा खडकाळ प्रदेश. तिथे १९७१ साली दहा बिगहॉर्न आणून कुंपणात ठेवल्या होत्या. नऊ वर्षांत त्या चाळिसाच्या घरात गेल्या. १९८० साली शेजारी चरणाऱ्या पाळीव मेंढ्यांशी त्यांचा संपर्क आला आणि थोड्याच काळात सगळा कळप न्युमोनियाने मेला. पाळीव मेंढ्यांना मात्र काही झाले नाही.

हा योगायोग असू शकतो. विज्ञानात योगायोग आणि कारण वेगळे करायचे तर प्रयोग करावा लागतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील विल्यम फोराइट यांनी तो केला आणि १९८९ साली प्रसिद्ध केला. सहा निरोगी बिगहॉर्न आणि सहा निरोगी पाळीव मेंढ्या त्यांनी एकत्र ठेवल्या. ७१ दिवसांच्या आत सहाही बिगहॉर्न न्युमोनियाने मेल्या. सहाही पाळीव मेंढ्या ठणठणीत राहिल्या.

दोषी जंतू कोणता, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. आजारी फुफ्फुसांत दर वेळी वेगवेगळे जीवाणू सापडत. त्याच विद्यापीठातील थॉमस बेसर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या सुमाराच्या कामातून चित्र स्पष्ट झाले. मायकोप्लाझ्मा ओव्हिन्युमोनिए नावाचा एक अतिसूक्ष्म जीवाणू आधी श्वासनलिकेत शिरतो. तिथे केसांसारखे बारीक तंतू सतत हलत असतात आणि कचरा वर ढकलत असतात. हा जीवाणू त्या तंतूंचे काम बंद पाडतो. झाडूवालाच आजारी पडला, की गल्लीत घाण साठायचीच! मग घशात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे इतर जीवाणू फुफ्फुसांत उतरतात. पाळीव मेंढ्या हजारो वर्षे दाटीवाटीने राहत आल्या. त्यांचे आणि या जंतूचे जमलेले आहे. बिगहॉर्नची त्याच्याशी गाठ पडली ती माणसाने मेंढ्या आणल्यावर.

जगून राहिलेल्या काही मेंढ्या हा जंतू नाकात वागवत राहतात. पुढे कित्येक वर्षे त्या कळपातली कोकरे पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. दुरून पाहणाऱ्याला कळप दिसतो, पण तो वाढत नाही.

म्हणजे मेंढ्या हलवताना रोगही हलवला जाऊ शकतो, आणि रोगाच्या शेजारी निरोगी कळप नेऊन ठेवला जाऊ शकतो. न्यू मेक्सिकोतील सान आंद्रेस अभयारण्य १९४१ साली बिगहॉर्नसाठीच राखले होते. १९७८ नंतर तिथे खरजेची साथ पसरली आणि १९९७ साली एकच मादी उरली. तिथे घाईने नवा कळप सोडला नाही. १९९९ साली आधी सहा नर पट्टे घालून सोडले. त्यांना खरूज होते का, हे पाहत राहिले. डोंगर स्वच्छ आहे अशी खात्री पटल्यावरच २००२ साली ५१ मेंढ्या आणल्या.

मेंढपाळांची बाजूही इथे सांगायला हवी. आयडाहो राज्यातील पेयेट राष्ट्रीय वनात २०१० साली सरकारी वन खात्याने बिगहॉर्नसाठी पाळीव मेंढ्यांची चराई सुमारे ७० टक्क्यांनी कमी करण्याचा निर्णय घेतला. मेंढपाळ न्यायालयात गेले. २०१६ साली वरिष्ठ न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळी चालत आली, त्यांच्या पोटावर हा निर्णय आला. त्यांच्या मेंढ्यांच्या नाकात जंतू आहे, यात त्यांचा काही अपराध नव्हता. रोगाचे कारण कळले, तरी त्याची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही.

दुसरे उत्तर : वाट माहीत नाही

समजा, रोग नाही. कुरण आहे, कडा आहे, पाणी आहे. मग तरी कळप वाढायला हवा. सिएरा नेवाडातल्या कळपांनी दाखवून दिले, की एवढ्यानेही भागत नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सिएरा नेवाडात माउंट बॅक्स्टरच्या आसपासच काय ती बिगहॉर्न उरली होती. तिथून मेंढ्या काढून १९७९ साली व्हीलर रिजवर, १९८० साली माउंट लँग्लीवर आणि १९८६ साली योसेमिटीच्या पूर्वेला ली व्हायनिंग दरीत सोडल्या. पण त्याच दशकात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. हिवाळ्यात पायथ्याकडच्या कुरणात उतरणारे कळप उतरेनासे झाले. या मेंढ्यांचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या जॉन वेहाउसेन यांनी याचा संबंध प्यूमाशी, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजराशी जोडला. पायथ्याशी प्यूमांची शिकार वाढली होती. वर राहिलेल्या मेंढ्यांना थंडीत पुरेसा चारा मिळेना. त्यात हिमकडे कोसळण्याचे भय. १९९५ च्या सुमारास साऱ्या पर्वतरांगेत जेमतेम शंभर मेंढ्या राहिल्या. १९९९ साली त्यांना संकटग्रस्त जाहीर करावे लागले.

खाली गवत होते. तिथवर जाणाऱ्या वाटाही डोंगरावर होत्याच. पण त्या वाटांनी जाण्याची कळपाची सवय तुटली होती.

व्हॅलेरियस गाइस्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १९७१ साली आपल्या पुस्तकात एक विचार मांडला होता. मूससारखा प्राणी वयात आला की आईला सोडून नवा मुलूख शोधतो. जंगली मेंढी तसे करत नाही. तिला लागणारे कडे दूरदूर विखुरलेले असतात; एकटी भटकली तर वाटेतल्या दरीतच मरेल. म्हणून ती मोठ्यांच्या मागे जाते आणि त्यांची वाट शिकते. कोणत्या महिन्यात कुठे चढायचे, कुठला खारा दगड चाटायचा, हिवाळ्यात कुठे उतरायचे, हे सगळे पिढ्यांनी चालवलेले ज्ञान असते, असे गाइस्टचे म्हणणे होते. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे कळप आपण पाहतो. तिथे वाट धनगराला माहीत असते. जंगली मेंढीला धनगर नाही. कळपातली म्हातारी मेंढी हीच तिचा धनगर.

विचार पटण्याजोगा होता, पण पुरावा कसा मिळवायचा? कळपाचे ज्ञान काढून घेऊन काय होते हे पाहायचे, असा प्रयोग कोण करणार? वायोमिंग विद्यापीठातील ब्रेट जेस्मर, मॅथ्यू कॉफमन आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. जुन्या मुलखातून उचलून नव्या मुलखात सोडलेला प्रत्येक कळप हाच तो प्रयोग. कोणी काही वर्षांपूर्वी सोडलेला, कोणी काही दशकांपूर्वी, आणि तुलनेला मूळच्या जागी दोनशेहून अधिक वर्षे टिकलेले कळपही होते.

त्यांनी २६७ बिगहॉर्न आणि १८९ मूस यांच्या पट्ट्यांतून उपग्रहाने मिळालेली माहिती तपासली. २०१८ साली ती 'सायन्स' या नियतकालिकात आली. मूळच्या कळपांत ६५ ते १०० टक्के मेंढ्या हंगामी स्थलांतर करत होत्या. नव्याने सोडलेल्यांत हे प्रमाण ९ टक्क्यांहूनही कमी होते. जात तीच. मग स्थलांतर जर उपजत असते, तर सोडल्यापासून पहिल्याच वर्षी त्या निघायला हव्या होत्या.

स्थलांतराने साधते काय? वसंतात कोवळे गवत आधी पायथ्याशी फुटते आणि मग बर्फ वितळेल तसे वर वर सरकते. कोवळ्या गवतात प्रथिने जास्त, चोथा कमी. जो कळप या हिरव्या लाटेबरोबर वर चढतो, त्याला कित्येक आठवडे उत्तम चारा मिळतो. एका जागी राहणाऱ्याला तो थोडेच दिवस मिळतो. ही लाट नेमकी गाठण्याचे कौशल्यही जुन्या कळपांत जास्त होते, नव्यांत कमी. कळप जितका जुना, तितका तो हुशार. नव्या मुलखात ८० टक्के मेंढ्या स्थलांतर करू लागायला सुमारे ४० वर्षे लागतात. मूसला सुमारे ९० वर्षे.

मेंढी दोन-तीन वर्षांची झाली की तिला कोकरू होते, आणि बहुतेक मेंढ्या बारा-चौदा वर्षांच्या पुढे जगत नाहीत. म्हणजे ४० वर्षांत कितीतरी पिढ्या येऊन जातात. एकीने थोडे वर जाऊन पाहायचे, तिच्या लेकीने त्याच्या पुढे जायचे; वाट अशी तयार होते. मधली एक पिढी साथीत गेली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता हिशेब काय सांगतो

यावरून पुनर्वसन व्यर्थ आहे असे समजू नये. हार्ट माउंटनवर त्या २० मेंढ्या आणल्या नसत्या, तर पुढचे कितीतरी कळप झालेच नसते. सिएरा नेवाडात चराईची जागा बदलली, प्यूमांवर लक्ष ठेवले, पुन्हा मेंढ्या हलवल्या. शंभरावरून संख्या २०१६ च्या सुमारास सहाशेवर गेली. २०१५ च्या मार्चमध्ये योसेमिटीच्या कॅथीड्रल रांगेत बिगहॉर्न सोडल्या, म्हणजे शंभर वर्षांनी ती उद्यानात परतली. पुढे २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे विक्रमी बर्फ पडले आणि सिएरातल्या पुष्कळ मेंढ्या दगावल्या. अशा हिवाळ्यातच खाली उतरण्याची वाट माहीत असणे म्हणजे जगणे.

आम्हाला या इतिहासातून एवढेच म्हणायचे आहे, की जनावरे ट्रकमधून नेता येतात, वाटा नेता येत नाहीत. म्हणून जिथे जुना कळप अजून आपल्या वाटेने चालतो आहे, तिथे त्या वाटेवर रस्ता, कुंपण किंवा धरण घालण्यापूर्वी फार विचार करायला हवा. 'नंतर दुसरीकडून आणू' हे आश्वासन अर्धेच पुरे करता येते.

वर्गात हा विषय घेतलात, तर शेवटी मुलांना एक साधे गणित घालावे. २०१५ साली योसेमिटीत सोडलेल्या कळपाला रोगाने किंवा बर्फाने गाठले नाही, तर त्यातल्या ८० टक्के मेंढ्यांना वाट कळायला कोणते वर्ष उजाडेल? उत्तर येते २०५५. तेव्हा आपण किती वर्षांचे असू, हे मुले न सांगताच मोजू लागतील. मग त्यांना विचारावे, की आपल्या गावात अशी कोणती गोष्ट आहे, जी एकाच म्हाताऱ्या माणसाला माहीत आहे?